उलट्या घड्याळाची पाहणी

आमच्या शाळेत ‘माहितीपारख’ हा विषय यंदापासून अनिवार्य झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात विद्यार्थ्यांनी खरे-खोटे स्वतःच्या डोक्याने ओळखावे, असे परिपत्रकात नमूद होते. स्वतःचे डोके असलेला शिक्षक उपलब्ध नसल्याने विषय माझ्याकडे आला. मी मूळचा चित्रकलेचा. चित्रकलेचे तास आदल्याच वर्षी बंद झाले होते, आणि रिकामा बसलेला माणूस मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत खुपतो.

मी मन लावून शिकवले. “चित्र दिसलं की चुका शोधा. बोटं मोजा, सावल्या बघा, अक्षरं वाचा,” असे रोज घोकून घेतले. स्वतंत्र विचार कसा करावा याचे अकरा मुद्दे वर्गाने तोंडपाठ केले. एक मुलगी तेवढी पाठ करीत नसे. तिचे प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होई, म्हणून वर्ग तिला पणबाई म्हणे.

वार्षिक परीक्षेत मंडळाने एक छायाचित्र दिले. केस कापायचे दुकान, दोन खुर्च्या, समोर आरसा, आणि खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर एक घड्याळ. घड्याळातले आकडे उलटे होते. छायाचित्र खरे की बनावट, गुण पाच. बाकी झाडून सगळ्या वर्गाने ‘बनावट’ लिहिले. पणबाईने लिहिले: ‘खरे. हे माझ्या बाबांचे दुकान आहे. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसते. त्याला आरशात वेळ सरळ दिसावी, म्हणून बाबांनी घड्याळ मुद्दाम उलटे करून घेतले आहे.’

उत्तरसूचीत एकच शब्द होता, ‘बनावट’. चित्र मंडळाच्या तपासणी यंत्राने निवडले होते आणि यंत्राची ब्याण्णव टक्के खात्री होती. उत्तरसूचीबाहेर विचार करायला तपासनिसाला मनाई असते, तेव्हा मी शून्य दिले. पणबाई एका गुणाने नापास झाली. या विषयात नापास झालेल्याला पुढच्या वर्गात प्रवेश नव्हता.

दुसऱ्याच दिवशी बापलेक मंडळाच्या कार्यालयात गेले. शाळेचा प्रतिनिधी म्हणून मला पाठवण्यात आले. बाबांनी घड्याळच भिंतीवरून काढून पिशवीत घालून आणले होते.

“वस्तू घेत नाही आम्ही,” खिडकीतला कारकून म्हणाला. “फोटो जोडा.”

“अहो, हे काय समोर आहे! हातात घेऊन बघा की.”

“हातात घेऊन बघायची पद्धत बंद झाली, काका. त्यात चुका व्हायच्या.”

घड्याळाचा फोटो काढला, अर्जाला जोडला. यंत्राने तोही तपासला. बनावट, चौऱ्याण्णव टक्के. “दोन टक्के वाढले बघा,” कारकून कौतुकाने म्हणाला. पणबाईने त्याच्याशी इतका वाद घातला, की तिला गप्प करण्यासाठी प्रत्यक्ष स्थळपाहणीचा आदेश काढावा लागला.

पाहणी अधिकारी सकाळी साडेदहाला दुकानात आले. शाळेचा प्रतिनिधी म्हणून मीही हजर होतो. घड्याळ पुन्हा आपल्या जागी लागले होते. साहेबांची दाढी वाढलेली होती, तेव्हा पाहणी आणि दाढी एकदमच उरकावी असे त्यांनी ठरवले. ते खुर्चीत बसले, मान मागे टेकली, समोर पाहिले आणि फोनमध्ये अहवाल सांगू लागले, “घड्याळ आढळले. आकडे सरळ. वेळ दहा चाळीस.”

“पण साहेब, तुम्ही आरशात बघताय!” पणबाई ओरडली. “मागे वळा ना!”

साहेब वळू लागले.

“हलू नका साहेब,” बाबा घाबरून म्हणाले, “वस्तरा गळ्यावर आहे!”

“ऐकलंस?” साहेब तिला म्हणाले. “तुझे वडीलच नको म्हणतायत.” आणि त्यांनी अहवाल पुरा केला: ‘दुकानातील घड्याळ सरळ आहे. छायाचित्रातील घड्याळ उलटे आहे. सबब छायाचित्र बनावट.’

दाढी झाली. पणबाईने पुन्हा हातापाया पडून मागे बघायला सांगितले. “आता बघून काय करू? अहवाल गेलासुद्धा,” साहेब गाल चाचपत म्हणाले. “आणि भलतंच काही दिसलं तर उत्तर मला द्यावं लागेल, तुला नाही.”

मग ती माझ्याकडे वळली. “सर, तुम्ही सांगा ना यांना! तुम्ही नऊ वर्षं इथेच केस कापता.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. “मी डोळे मिटून बसतो,” मी म्हणालो. बोललो आणि लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण पुढच्याच महिन्यात बदल्यांची यादी निघणार होती.

साहेबांनी दयाळूपणे मार्ग काढला. मुलीने चूक कबूल केल्याचे लेखी दिले, तर पाच गुण देता येतील. मजकूर फोननेच तयार करून दिला: ‘सदर दुकान माझ्या वडिलांचे असले तरी ते अस्तित्वात नाही.’

पणबाईने बाबांकडे पाहिले. ते पाठमोरे होऊन वस्तरा पुसत होते. “कर सही, बाळा,” ते म्हणाले. “खोटं म्हटल्यानं दुकान काही पडत नाही. तुझं वर्ष मात्र जाईल.”

तिने सही केली. पाच गुण मिळाले आणि ती वरच्या वर्गात गेली. मंडळाला ही यशोगाथा इतकी आवडली, की ते छायाचित्र ‘बनावट दुकान असे ओळखा’ या मथळ्याखाली समस्त पालकांसाठी प्रसृत झाले. खाली ठळक अक्षरांत सूचना होती: ‘खात्री केल्याशिवाय कोणताही संदेश पुढे पाठवू नका. हा संदेश किमान दहा जणांना पाठवा.’

मी एकशे बारा पालकांना पाठवला. त्यांनी आपापल्या दहा जणांना पाठवला. आता गिऱ्हाईक दारापर्यंत येते, फोन काढून आत बघते, घड्याळ तेच असल्याची खात्री करते आणि पुढच्या दुकानात जाते. बाबांनी एक खुर्ची विकून टाकली. पणबाई शाळा सुटल्यावर तिथे दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते, “या ना, दुकान खरं आहे.” लोक हसतात. खऱ्या दुकानाला असे सांगावे लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

तो संदेश तुमच्याकडेही आला असेलच. आठवून बघा. तुम्ही दहाच जणांना पाठवलात, की जास्त?