वहिनींना सांत्वनपत्र

सुट्टीचा बेत बायकोने तीन वाक्यांत सांगितला. पहिल्या वाक्यात तळ्याकाठचं गाव होतं, दुसऱ्यात मुलीची परीक्षा संपायची तारीख होती, आणि तिसरं ऐकता ऐकता वेलांटीच्या हातून कपात पडायचा चहा वर्तमानपत्रावर पडला.

"हॉटेल-बिटेल काही नको," ती म्हणाली. "तुमचे ते भोंगा भावोजी त्याच गावात असतात. मी शोधून काढलं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, इंटरनेटवर बोर्डाचा फोटो होता, त्यावर नंबर. वहिनींशी बोलले. दोन दिवस त्यांच्याकडेच राहायचं."

"वहिनी काय म्हणाल्या?" पेपर पुसत त्याने विचारलं.

"म्हणाल्या, या, वाट बघतो."

"एवढंच?"

"मग अजून काय म्हणायला हवं होतं?"

वेलांटीने पेपरची दुसरी बाजूही पुसून काढली. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. शाळेत असताना गुरुजींनी फळ्यावर ऱ्हस्व काढलेली वेलांटी त्याने उठून दीर्घ केली होती, तेव्हापासून त्याला हे नाव पडलं आणि पुढे पोटापाण्याचा धंदाही तोच झाला. तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवत आला होता. त्याची स्वतःची एक चूक मात्र एकोणीस वर्षांची झाली होती, आणि ती त्याने बायकोलाही दाखवली नव्हती.

शाळेत ते तिघे होते. वेलांटी, भोंगा आणि बातम्या. बातम्या इकडचं तिकडे सांगायचा म्हणून बातम्या. भोंगा मैदानाच्या एका टोकाला ओरडला की दुसऱ्या टोकाचा पंच दिलेला निर्णय बदलायचा. पुढे तिघे पांगले. एका दुपारी छापखान्यात बातम्याचा फोन आला. मागे मशीन धडधडत होतं. "भोंगा गेला रे," बातम्या सांगत होता. "परवाच. कुणाला काही कळवलंसुद्धा नाही बघ." पुढचं मशीनने खाल्लं. वेलांटीच्या हातातून फोन गळला. एका बैठकीत त्याने वहिनींना दोन पानी सांत्वनपत्र लिहिलं, रडत रडत लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुन्हा न वाचता पेटीत टाकलं.

महिन्याभराने बातम्याचा परत फोन. "भोंग्याला जागा मिळाली एकदाची."

"कुठे?" वेलांटीने हळूच विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर. हवेशीर आहे म्हणतो."

तेव्हा कुठे उलगडा झाला. भोंगा गेला होता तो बिऱ्हाड घेऊन, दुसऱ्या गावाला. हजारो पानांतले काना-मात्रे धरणारा माणूस 'गेला' या दोन अक्षरांपाशी सपशेल आडवा झाला होता. त्याने माफीचं पत्र लिहायला घेतलं, पण 'तू जिवंत असल्याचं कळून आनंद झाला' या वाक्याच्या पुढे ते सरकेना. आठवडा गेला, महिना गेला, वर्षं गेली. तिकडूनही उत्तर आलं नाही. म्हणजे एक तर पत्र गहाळ झालं होतं, नाहीतर भोंगा कायमचा बिघडला होता. टपाल वेळेवर आलं नाही की जग बोटं मोडायचं. वेलांटी मात्र, झालं असेल गहाळ, म्हणून देवाचे आभार मानायचा.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने कंबर धरली. बायकोने कमरेचा पट्टा आणून दिला. त्याने छापखान्यात काम फार आहे म्हणून सांगितलं. बायकोने मालकांना फोन केला, आणि मालक म्हणाले, खुशाल न्या, आठ दिवस ठेवा. शेवटी पट्टा बांधून वेलांटी बसमध्ये बसला.

भोंगा फाटकाशी उभा होता. केस पांढरे झाले होते, पण छाती तीच, पिंपासारखी. त्या पिंपातून आवाज आला, तो सुईच्या नेढ्यातून यावा तसा.

"ये."

त्याने वेलांटीचा हात हातात घेतला, जरा धरला आणि सोडला. "या वहिनी. ये बाळ." सगळं कुजबुजल्यासारखं.

"बाबा," मुलीने चप्पल काढता काढता विचारलं, "यांना भोंगा का म्हणायचे?"

वेलांटीने लगेच ओळखलं. हा राग होता. साधा राग ओरडतो. मुरलेला राग असा हळू बोलतो, हे त्याने अनेक कादंबऱ्यांच्या प्रुफांत वाचलं होतं.

जेवायला बसल्यावर तर खात्रीच पटली. भोंग्याने स्वतः उठून सगळ्यांना वाढलं. एकदा नाही, दोनदा. स्वतः सर्वांत शेवटी बसला आणि त्याने पुढ्यात चार घास घेतले. हाच भोंगा एकेकाळी पैजेवर वर्गातल्या अकरा जणांचे डबे संपवून घरी जेवायला जायचा. वहिनी त्याच्या ताटाकडे बघत होत्या आणि ओठ दाबून धरत होत्या.

"बातम्या कसा आहे?" भोंग्याने हळूच विचारलं.

"तो गेला," वेलांटी म्हणाला, आणि हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे, मुलीकडे गेला. राहायला. धडधाकट आहे. रोज फिरायला जातो. म्हणजे जातो आणि येतो. परत येतो."

वहिनींना ठसका लागला. त्या पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पत्र मिळालं होतं. आता यात शंकेला जागाच उरली नाही.

"तुम्ही जेवताना असं काय बरळत होता?" बायकोने हात धुताना विचारलं.

"प्रवासाचा शीण," तो म्हणाला.

दुपारी भोंगा जरा आडवा झाला, तोच शेजारचे गृहस्थ आले. कपाट सरकवायचं होतं. भोंगा ताडकन उठून गेला. जाताना शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही अचंबा होता की तो दोनदा वळून बघत होता. वेलांटीने याचाही अर्थ लावला: माझ्याबरोबर एका खोलीत बसायला नको, म्हणून हा लोकांची कपाटं उचलतोय.

मग त्याच्या मनाने घेतलं की ते पत्र शोधायचं आणि फाडून टाकायचं. पुरावाच नसला तर निदान बोलणं तरी टळेल. त्याने दिवाणखान्यातल्या टेबलाचा खण उघडला. विजेची बिलं, जुन्या किल्ल्या, चष्म्याची मोडकी काडी.

"बाबा, काय शोधताय?"

मुलगी दारात होती. तिच्या मागे बायको.

"टाचणी," वेलांटी म्हणाला.

"टाचणी कशाला?"

"लागते कधी कधी."

आतून वहिनींनी ऐकलं आणि टाचण्यांची डबीच आणून दिली. वर विचारलं, "पुरतील ना, भावोजी?" वेलांटीने त्यातल्या चार मोजून घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत खिशात बाळगल्या. दोनदा टोचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा म्हणाला, "चल, तळं दाखवतो. वाटेत एक शिकवणी आहे तेवढी उरकू." वेलांटीला वाटलं, आता एकट्यात गाठून बोलणार. पण गाडी चालवायला बँकेतल्या एक बाई होत्या. भोंगा त्यांच्या शेजारी, वेलांटी मागे.

"ताई," भोंगा पुटपुटला, "सावकाश डावीकडे घ्यायचं का आपण?"

"काय म्हणालात, सर?"

"डावीकडे. जमलं तर."

बाई गोंधळल्या. "सर, तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही ओरडत नाही तर मला काही कळेनासंच झालंय."

"छे, छे. चाललंय छान." भोंगा कसनुसं हसला आणि त्याने चोरट्या नजरेने मागे बघितलं.

गाडी वळली, पण जेवढी वळायला हवी तेवढी वळून थांबेना. समोर रोपवाटिका होती. फुटपाथवर कुंड्यांची रांग. कुंड्या मोठ्या मोठ्या व्हायला लागल्या.

"ताई, ब्रेक," भोंगा म्हणाला. "ताई, तो मधला. ब्रेक."

आणि मग ते झालं. स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबता दाबता भोंगा ओरडला, "ब्रेक." काचा थरथरल्या. गाडी पहिल्या कुंडीपासून वीतभर अंतरावर थांबली. पलीकडच्या रस्त्यावरच्या दोन स्कूटर थांबल्या. एक सायकलवाला उतरून उभा राहिला.

"हां," बाईंनी सुस्कारा टाकला. "आता कसं बरं वाटलं."

भोंग्याने मात्र दोन्ही हात तोंडावर धरले होते. मागे वळून तो म्हणाला, "माफ कर, वेलांटी. सुटला."

"काय सुटलं?"

"आवाज. कालपासून धरून ठेवला होता रे."

दोघे गाडीतून उतरून कुंड्यांपाशी उभे राहिले. भोंगा थोडा वेळ चपलेने माती उकरत होता. मग शाळेत कविता म्हणावी तसा खाली बघून म्हणायला लागला. "'त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. दुसऱ्याच्या पानात वाढल्याशिवाय त्याने घास घेतला नाही. कुणाची अडचण कळली, की झोपेतून उठून जाणारा माणूस.' दोन पानं. जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत आली. बायकोने मोठ्याने वाचून दाखवली. मी म्हटलं, कोण गं हा गेला, फार चांगला माणूस दिसतोय."

वेलांटीचे कान तापले. "कुणी मेल्यावर माणूस असंच लिहितो रे. पण तू कळवलं का नाहीस?"

"काय कळवू? की पत्रातला गेला आणि मी उरलोय?" भोंगा अजूनही वर बघेना. "म्हटलं, आधी थोडंसं तसं व्हावं, मग भेटावं. एक वर्ष गेलं, दोन गेली. जमेचना. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. परवा तुझ्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा ठरवलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

"मी समजत होतो तू डूख धरून बसलायस."

"आणि मी समजत होतो, तू येऊन बघशील आणि पत्र परत मागशील."

वेलांटीला हसू आवरेना. कमरेचा पट्टा पोटाला रुतायला लागला तेव्हा त्याने तो तिथेच सोडला. "अरे, तू होतास तसाच आम्हाला आवडायचास," तो म्हणाला. "ते पत्र मनावर घेऊ नकोस. अजिबात घेऊ नकोस."

"नक्की?"

"नक्की."

"सर," बाईंनी खिडकीतून विचारलं, "आता कुठला गिअर टाकू?"

"रिव्हर्स," भोंगा म्हणाला, आणि रोपवाटिकेच्या माळ्याच्या हातातली झारी सांडली.

त्या दुपारी भोंगा जेवला. भात चार वेळा घेतला आणि पाचव्यांदा पातेलंच जवळ ओढलं. शेजारचे गृहस्थ कपाट परत होतं तिथे सरकवायचंय म्हणून आले, तेव्हा पाटावरूनच त्याने ओरडून सांगितलं, "उद्या बघू." शेजाऱ्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. जेवण झाल्यावर त्याने वेलांटीच्या मुलीला अंगणात नेऊन उभ्या गाडीत स्टिअरिंग धरायला शिकवायला घेतलं. तो काय शिकवतोय हे सगळ्या आळीला कळत होतं. एकोणीस वर्षांचा दगड छातीवरून उतरल्यामुळे वेलांटी पंख्याखाली डोळे मिटून पडला होता.

"भावोजी, जरा आत या."

वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. चेहरा काही बरा दिसत नव्हता. टेबलाशी वेलांटीची बायको बसली होती आणि तिच्या हातात घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेले, पिवळे पडलेले दोन कागद होते.

"तुम्ही ह्यांना काय सांगितलंत?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, पत्र मनावर घेऊ नकोस."

"अहो, त्या पत्रावर मी संसार केला." वहिनींनी त्या दोन कागदांकडे बोट दाखवलं. "ह्यांचा आवाज चढला की मी काही बोलायची नाही. फक्त पत्राच्या ह्या कपाटाकडे बघायची. लगेच खाली. मुलांच्या अभ्यासाला, पाहुण्यारावळ्यांना, सगळ्याला तेच उपयोगी पडलं. आता मी कशाकडे बघू?"

अंगणातून आवाज आला, "क्लच म्हणजे काय, सांग." ओट्यावरच्या वाट्या किणकिणल्या.

वहिनींनी एक कोरा कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. "दुसरं लिहा."

"आता? आता तर तो..."

"जिवंत आहेत. तेव्हा जरा विचार करून लिहा."

वेलांटी बसला. एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, खोडलं. गेलेल्या माणसावर दोन पानं कशी सरसर उतरली होती. हा मात्र अंगणात उभा राहून प्रत्येक शब्दाच्या आड येत होता. समोर बायको जुनं पत्र तिसऱ्यांदा वाचत होती.

"तुम्ही असं लिहिता हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"दुःखाच्या भरात लिहिलं गं."

"चोवीस वर्षांत माझ्यावर एक ओळ नाही."

"तू कधी गेली होतीस कुठे?" वेलांटी म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं की हेही पुन्हा वाचून मग बोलायला हवं होतं.

बायकोने पत्राची नीट घडी घातली. वहिनींकडून अजून एक कोरा कागद मागून घेतला आणि तो पहिल्याच्या खाली सरकवून ठेवला.

"अगं, चारची बस आहे."

"सहालाही आहे."

चारची बस गेली. वहिनींनी चहा टाकला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. कागदावर बारा खोडलेल्या ओळींखाली एक ओळ शाबूत होती: 'त्याचा आवाज मोठा आहे, पण'.

"'पण'च्या पुढे काय?" वहिनींनी विचारलं.

"तेच शोधतोय."

बायकोने खुर्ची जवळ ओढली, हाताची घडी घातली आणि शांतपणे सांगितलं, "होऊ द्या सावकाश. माझ्या कागदावर फक्त 'पण' नको."