तीन ठिपके, एक रेघ आणि उडतं पातं

"मी, खाली सही करणारा, या इमारतीचाच नव्हे तर या शतकाचा एकमेव जागरूक डोळा असून..." दाजी सांगत होते आणि मी लिहीत होतो. त्या वेळी त्यांच्या डाव्या डोळ्यात साबण गेलेला असल्यामुळे 'एकमेव' हा शब्द मी तसाच राहू दिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वजनमापं तपासायच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर 'गुप्तहेर' अशी पाटी लावली. पाटी एवढी मोठी, की त्यात गुप्त असं काही उरलं नाही. मी मेहुणा, त्यामुळे सहायकाच्या जागेसाठी दुसऱ्या कुणाचा विचार झाला नाही.

प्रकरण असं घडलं. दुपारची डुलकी संपवून दाजी सोफ्यावरून उठले. मी दोन कप चहा घेऊन दारात उभा होतो. 'टण्ण' असा आवाज झाला, कानाजवळून वारा गेला आणि माझ्या डोक्यावर चार बोटं, चौकटीच्या लाकडात, वीतभर लांबीचं एक पातं थरथरत उभं राहिलं. मुठीचा पत्ता नव्हता. चहाचा थेंबही सांडला नाही, पण याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

दाजींनी आधी पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पात्याकडे. दोघांत त्यांना पातं महत्त्वाचं वाटलं.

"स्प्रिंगचा सुरा," ते शांतपणे म्हणाले. "मुठीत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. बटण दाबलं की मूठ हातात राहते आणि पातं निघून जातं. पुष्कळ देशांत विकणं गुन्हा आहे. काही ठिकाणी तर नुसतं बाळगणं गुन्हा. काकडी चिरायला घेतला होता, असं सांगून सुटका होत नाही."

पात्याच्या बुडाशी तीन ठिपके आणि एक रेघ कोरलेली होती. दाजींनी भिंग धरलं. तीन बळी आधीच गेले होते, रेघ म्हणजे चौथा, आणि तो चौथा म्हणजे ते स्वतः, असा अर्थ निघाला. मी केवळ मध्ये उभा होतो.

पहिला संशय समोरच्या खिडकीवर गेला. आमची खिडकी आतून बंद आहे, हे मी दाखवून दिलं. मारेकऱ्याने जाताना लावून घेतली असणार, म्हणजे माणूस चांगल्या वळणाचा आहे, असं दाजींनी नोंदवायला सांगितलं. दुसरा संशय जिन्याखाली उतरला आणि तिथेच बसला.

जिन्याखालच्या कोनाड्यात धारवाल्या मावशी बसायच्या. पायाने फिरवायचं चाक, तेलाची बाटली, खिळ्यांचा डबा. बारा वर्षं त्या साऱ्या इमारतीच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावत होत्या. चाक फिरू लागलं की त्या गुणगुणायच्या आणि ते गाणं कठड्याला धरून पायरी पायरीने वर यायचं, उन्हातून आलेल्या माणसाला पाणी मिळावं तसं.

दाजींनी शिंप्याची टेप लावून जिना मोजला. तळापासून आमच्या दारापर्यंत यायला पात्याला पाच वळणं घ्यावी लागली असती. इतकी धार असल्यावर वळणं अडवत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग मावशींच्या डब्यात एक स्प्रिंग सापडली. बॉलपेनची.

"लिहिता येतं?" दाजींनी विचारलं.

"नाही, साहेब."

"आणि पेनची स्प्रिंग बाळगता."

ती कुणाच्या तरी छत्रीत बसवायची होती, असं मावशी सांगत होत्या. दाजी ऐकत नव्हते. पाच वाजता इमारतीचे व्यवस्थापक येणार होते. मी लिहून घेत होतो ती तक्रार त्यांच्या हाती गेली की कोनाडा रिकामा करून घेतला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाक घेऊन कुठे जायचं, हे मावशींनी विचारलं नाही. त्यांनी चाक थांबवलं. जिना एकदम मोठा वाटायला लागला.

पावणेपाचला ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आरोप करताय ना, मग ज्यावरून करताय ती वस्तू तरी त्यांना दाखवा," म्हणाली आणि मावशींना वर घेऊन आली.

मावशींनी पात्याच्या बुडाशी अंगठा फिरवला. "तीन ठिपके, तिसरा मजला. एक रेघ, पहिलं दार. ताई, ही तुमचीच सुरी. वाचता येत नाही, म्हणून मी अशा खुणा करते, कुणाची वस्तू कुणाकडे जायला नको. काल धार लावली तेव्हा मूठ ढिली होती. खिळा मारते म्हटलं, तर साहेब म्हणाले, त्यांची पकड पुरेशी आहे."

ताईने दाजींकडे पाहिलं नाही. ती सरळ सोफ्यापाशी गेली आणि गादीच्या उसवलेल्या शिवणीत तिने कोपरापर्यंत हात घातला. आधी सफरचंदाची सालं आली, मग मूठ.

सोफ्यावर बसून फळं खायची नाहीत, हा त्या घरातला एकमेव कायदा. काल संध्याकाळी ताईची पावलं ऐकून दाजींनी पुरावा आत कोंबला होता. मूठ एकीकडे राहिली, पातं सोफ्याच्या स्प्रिंगखाली अडकलं. दाजी त्यावर झोपले. दाजी उठले.

"अहो, स्प्रिंगने पातं उडवणारी वस्तू बाळगणं गुन्हा आहे, असंच म्हणत होता ना?" ताईने विचारलं.

"काही ठिकाणी," दाजी म्हणाले.

खाली व्यवस्थापकांच्या चपला वाजल्या. दाजींनी माझ्या हातातला कागद घेतला, आरोपीच्या रकान्यात लिहिलेलं 'धारवाली' खोडलं आणि तिथे तीन ठिपके काढले, एक रेघ ओढली. मग खाली सही केली.

व्यवस्थापकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. हे काय आहे, असं विचारलं.

"आरोपी सापडला आहे," दाजी म्हणाले. "चौकशी घरातच चालू आहे."

मावशी मूठ आणि पातं पदरात घेऊन खाली गेल्या. खिळा ठोकल्याचे चार आवाज आले आणि मग चाक फिरू लागलं. आजचं गाणं नवं होतं.

चाक फिरे माझे, ठिणगी नाचे दारी
मूठ आधी बांधा, मग धरा सुरी

"सांकेतिक भाषा आहे," दाजी म्हणाले. पण लिहून घे म्हणाले नाहीत. त्यांनी सफरचंद घेतलं आणि खुर्चीवर बसून, साल न काढता, खाल्लं.