तिसरा आखूड शर्ट

मास्टरांची बायको गेली, हे शेजाऱ्यांनीच त्यांच्या परदेशातल्या मुलाला कळवलं. थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. त्याला रडू आवरेना, तेवढ्यात नातीने फोन ओढून घेतला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.

मास्टर शिंपी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दर रविवारी नातीशी बोलायची ती आजीच. आजीला इंग्रजी येत नसे, नातीला मराठी. तरी दोघी तास तास बोलायच्या. मास्टर बाजूला काजं-बटणं करत बसायचे आणि शेवटी फोन हातात आला की "येस, येस" म्हणायचे. त्या दिवशीही ते तेच म्हणाले. पलीकडे नात आनंदाने ओरडली.

"बाबा, काय केलंत तुम्ही?" एकटाच धावत आलेला मुलगा म्हणाला. "आजी माझ्या वाढदिवसाला येणार ना, असं विचारलं होतं तिनं."

"मग तिला नीट सांग तू."

"सांगितलं. ऐकत नाही. म्हणते, आजोबा येस म्हणालेत, तुम्हीच खोटं बोलताय. वर्गात सगळ्यांना सांगून आलीय. आजीसाठी खुर्ची राखून ठेवलीय. आता तुम्हीच सांगायचं."

दुकानासमोरच्या माडीवर इंग्रजीचा क्लास होता. मुलगा परत गेल्यावर मास्टर तिथे गेले.

"सर, मला एकच वाक्य हवंय. हे," म्हणत त्यांनी मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर होतं, "आजी आता नाही, ती येणार नाही."

"वाक्यं पुढच्या बॅचला," सर म्हणाले. "आधी जीभ वळवायची, मग स्लँग. पुस्तकी इंग्रजी आता तिकडे कुणी बोलत नाही."

सर तिकडे कधी गेले नव्हते. त्यांचं जॅकेट मात्र तिकडून वापरून आलेलं होतं.

जीभ वळवायला "थ्री शॉर्ट शर्ट्स, थर्ड शर्ट शॉर्टर स्टिल" हे सगळ्या वर्गाने एका दमात म्हणायचं होतं. मास्टरांनी अर्थ विचारला.

"तीन आखूड शर्ट. तिसरा त्याहून आखूड."

"तिसरा का? कापड पुरलं नाही, की माप चुकलं?"

"मास्टर, अर्थात शिरू नका. जबडा सैल सोडा."

मास्टरांनी जबडा सैल सोडला. वरची कवळी पुढच्या बाकावरच्या नर्सच्या ओढणीत जाऊन पडली. तिने ती पुसून परत दिली आणि पुढचा शर्ट म्हणायला लागली.

नर्सला परदेशात नोकरी हवी होती. मुलाखतीत तिला विचारलं, पेशंटचा श्वास अडकला तर काय कराल? तिला सगळं येत होतं, पण क्लासात रोज घोकलेलं स्लँग आधी बाहेर आलं.

"चिल, ब्रो."

नोकरी हुकली. "पण उच्चार कसा होता?" सरांनी विचारलं. उच्चार चांगला होता, असं कळल्यावर त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मास्टरांनी सरांना जिन्यात गाठलं. "सर, आता तरी सांगा."

सरांनी बराच विचार केला. "याला स्लँग बसत नाही," म्हणाले आणि भराभर उतरून गेले.

मागून नर्स येत होती. ती पायरीवर बसली, तिने चिठ्ठी वाचली आणि इंग्रजी वाक्य सांगितलं. तळमजला येईपर्यंत मास्टरांचं ते पाठ झालं.

"एवढंच?"

"एवढंच असतं, काका. आम्हाला वॉर्डात बऱ्याचदा सांगावं लागतं."

दुसऱ्या दिवशी फोन लागला. मास्टरांनी आधी जीभ वळवून घेतली. "थ्री शॉर्ट शर्ट्स, थर्ड शर्ट शॉर्टर स्टिल."

पलीकडे नात हसत सुटली. तिने म्हणून पाहिलं, दुसऱ्याच शर्टाला अडखळली. जमलेली सगळी पोरं अडखळली, सूनबाईसुद्धा. मास्टरांचं एकट्याचं चुकत नव्हतं. एवढं हसू त्या घरात फोनवरून आजीच आणायची.

मग नातीने हळूच काहीतरी विचारलं. त्यातला "आजी" शब्द मास्टरांना कळला, आणि "येणार ना" हे तिच्या आवाजावरूनच कळलं.

वाक्य तोंडात तयार होतं. मास्टरांच्या तेव्हा ध्यानात आलं, की हे आपण अजून मराठीतही कुणाला म्हटलेलं नाही.

"थ्री शॉर्ट शर्ट्स," ते म्हणाले.

आता नातीशी दर रविवारी तेच बोलतात. शर्ट तिलाही जमायला लागलेत. सांगायचं ते राहिलं आहे.