सायकल पट्टा मिळणेबाबत

नालवाडीच्या नाक्यावर बंडूजींचं सायकलचं दुकान आहे आणि त्यांची स्वतःची मुलगी मात्र आटोनं शाळेत जाते, ही गोष्ट नाक्यावर सगळ्यांना तोंडपाठ होती. वर्षभरापूर्वी एका टिप्परवाल्यानं मागून असा काही हॉर्न मारला, की खुशी सायकलसकट नालीत गेली. लागलं फक्त गुडघ्याला. पण शालूबाईंनी त्याच संध्याकाळी नवऱ्याला मुलीची सायकल दुकानातल्या आढ्याला टांगायला लावली.

"सायकलले रस्त्याच्या कडेनं वेगळा पट्टा होत नाई, तोवर पोरगी आटोनंच जाईन," त्या म्हणाल्या. "तुमी दुसऱ्याच्या पोरींले सायकली इकत राहा."

हे दुसरं वाक्य बंडूजींना फार झोंबलं. त्यांनी शाळेच्या पोरींना हवा फुकट केली. दुकानात येईल त्या सायकलला, मालकाची इच्छा असो वा नसो, मागं लाल रिफ्लेक्टर चिकटवायला सुरुवात केली. दुकानासमोर टिनाचं शेड होतं. शेडच्याही पुढं, रस्त्याला अगदी खेटून, त्यांनी पाटी उभी केली : 'सायकलसाठी जागा सोडा.' टिप्परवाले ती वाचत नव्हते. खुशी मात्र आटोतून जाता-येता रोज वाचायची आणि वडिलांकडे बघायची. बंडूजी त्या वेळी चेन तपासायला खाली वाकत.

शेवटी त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. अर्ज सरकारी भाषेत हवा, एवढं त्यांना माहीत होतं, पण ती भाषा त्यांच्याकडे नव्हती. ती आंजीच्या रूपरावजींकडे होती. रूपरावजी सायकलवर भाजीच्या टोपल्या बांधून रोज नाक्यावर येत आणि शेडच्या बाजूला ठेला लावत. त्यांच्या पिशवीत घराच्या जागेसाठी केलेल्या जुन्या अर्जाची झेरॉक्स कायम असे. विषय होता, 'घराच्या जागेचा पट्टा मिळणेबाबत.' बंडूजींनी तो अर्ज समोर ठेवला, 'घराच्या जागेचा' एवढं खोडून तिथं 'सायकल' लिहिलं आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवून काढलं. विदर्भात पट्टा म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर जमीन येते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात खुशीची सायकल होती.

रूपरावजींनी अर्जावरचा विषय दोनदा वाचला.

"कोनता पट्टा म्हनता बंडूजी?"

"हा रस्त्याच्या कडेचा. चार फूट रुंद."

"आन् लांब?"

"नाक्यापासून तं शाळेपर्यंत."

"हे तं रोड-टच जागा झाली, एकदम रस्त्याले लागून!" रूपरावजींचा आवाज खाली आला. "कोनाले भेटन?"

"जो सायकल चालवते त्याले. आनखी कोनाले?"

रूपरावजींनी आपल्या सायकलकडे पाहिलं. वीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सही केली आणि विचारलं, "बायकोचं नाव येगळं टाकता येते का?"

"टाका नं! जेवढे जास्त तेवढं चांगलं."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं रांग लागली. लोक सहीबरोबर आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन-दोन फोटो देत होते. बंडूजींना त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण हल्ली आधार कार्ड कशालाही लागतं. गोठ्यामागं पडलेल्या, मडगार्ड नसलेल्या, एक चाक नसलेल्या सायकली दुरुस्तीला आल्या. जामहून एक गृहस्थ एस.टी.नं आले आणि म्हणाले, "सायकल भावाच्या नावावर आहे, मले अर्धा भेटन का?" बंडूजींना वाटलं, हा पट्ट्याच्या अर्ध्या भागातून चालवायला तयार आहे. त्यांनी त्याचा हात प्रेमानं दाबला.

चार दिवसांत सातशे सह्या झाल्या. त्या रात्री जेवताना बंडूजींनी सह्यांचा गठ्ठा ताटाशेजारीच ठेवला. "लोकं जागे झाले वं," ते म्हणाले. शालूबाईंनी त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि "पाहू," एवढंच म्हटलं.

तहसील कार्यालयात सातशे सह्यांचा गठ्ठा पाहून चांगलीच धावपळ झाली. विषयात पट्टा होता, म्हणून अर्ज जमीनमोजणी विभागाकडे गेला. पंधराव्या दिवशी नीरज नावाचे तरुण मोजणीदार टेप आणि चुन्याची थैली घेऊन नाक्यावर उतरले. चुना पाहताच बंडूजींनी दुकानातून हार आणला.

"अर्जदार तुमीच का? कोनती जागा पाह्यजे ते दाखवा," नीरज हार चुकवत म्हणाले.

बंडूजी पुढं, टेप मागं, असे दोघं शाळेपर्यंत चालत गेले. नीरजनं आधी डांबराच्या कडेला एक रेघ मारली आणि परत येताना चार फूट सोडून दुसरी. नाक्यावर एव्हाना सातशेपैकी निम्मे तरी सहीवाले जमले होते. जो तो मनातल्या मनात त्या चार फुटांना सातशेनं भागत होता.

"एवढ्या जागेत तुमी बांधनार काय काका?" नीरजनं विचारलं.

"बांधनार? सायकली जातीन याच्यातून! पोरी शाळेत जातीन!"

नीरजनं अर्ज पुन्हा वाचला. मग बंडूजींकडे पाहिलं, मग गर्दीकडे. "हे सगळे सायकल चालवासाठी आले?"

रूपरावजी खाकरले. "म्हंजे... नावावर नाई होत का कोनाच्या?"

"रस्त्याची सरकारी जागा आहे. नावावर काऊन होईन?" नीरज म्हणाले. "उलट या दोन रेघांच्या मधात ज्याचं जे असन, ते उचला. नाई तं नाव लिहून नेतो."

सातशे लोकांची नावं तर आधीच लिहून गेली होती, फोटोसकट. अर्ध्या तासात ठेले मागं सरकले, उभ्या गाड्या हलल्या, रूपरावजींच्या टोपल्या थेट नालीपलीकडे गेल्या. पट्ट्यात फक्त एकाच माणसाचं सामान उरलं. बंडूजींचं टिनाचं शेड, त्यातला हवेचा पंप आणि 'सायकलसाठी जागा सोडा' ही पाटी.

"हे कोनाचं?" नीरजनं विचारलं.

डबा घेऊन आलेल्या शालूबाई सगळं पाहत उभ्या होत्या. बंडूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आढ्याला टांगलेल्या सायकलकडे पाहिलं आणि पाना हातात घेतला. शेडचे नट त्यांनी स्वतः खोलले. ऊन सरळ दुकानात शिरलं. पाटी काढून कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना, म्हणून ते ती धरून बराच वेळ उभे राहिले. वाईट वाटलं त्यांना, आणि लाजही वाटली.

शालूबाईंनी डबा ठेवला. "ते पाटी ठेवा खाली," त्या म्हणाल्या, "आन् पोरीची सायकल उतरवा. हवा पाहा तिची."

सोमवारी खुशी दोन रेघांच्या मधून शाळेत गेली. शेड होतं तिथून जाताना तिनं घंटी वाजवली. या वेळी बंडूजी चेन तपासायला वाकले नाहीत.

महिन्याभरानं कार्यालयाचं पत्र आलं : 'सायकल यांना पट्टा देता येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' बंडूजींनी ते घडी करून पंक्चरच्या सोल्युशनच्या डबीखाली ठेवलं आणि शालूबाईंना काही सांगितलं नाही.

आता दर रविवारी सकाळी ते चुन्याची थैली घेऊन निघतात आणि पुसट झालेल्या रेघा पुन्हा मारतात. परवा एका टिप्परवाल्यानं नेमकी पट्ट्यात गाडी लावली होती. बंडूजींना वाकलेलं पाहून त्यानं मान बाहेर काढली.

"काय चालू आहे काका?"

"मोजनी," बंडूजी मान वर न करता म्हणाले. "नाव काय तुमचं?"

टिप्परवाल्यानं गाडी मागं घेतली.