तिसरे अंकल सनराइज

इथे अमेरिकेत, कॅरी गावातले आमचे शेजारी लेस्टर यांचं कौतुक करणं अवघड आहे. ते लगेच बोट वर करतात.

"तुमचा पहाटेचा रेडिओ कार्यक्रम आमच्या घरी रोज लागायचा!" एखाद्या बाई सांगतात.

"करेक्शन! तुम्ही तेव्हा केवढ्या होता? मग तो मी नव्हे. तो माझ्या आधीचा, रे नावाचा निवेदक."

राज्याच्या पूर्वेकडच्या, तंबाखू पिकवणाऱ्या गावांत एक छोटं रेडिओ स्टेशन होतं. तिथे पहाटे एक कृष्णवर्णीय निवेदक बोलायचा, 'अंकल सनराइज'. हे नाव स्टेशनच्या मालकीचं. निवेदक बदलला तरी नाव तेच. आधी विल्बर, मग रे, मग लेस्टर. श्रोत्यांच्या लेखी माणूस एकच.

माझी मुलगी मीरा विद्यापीठासाठी त्या भागातल्या जुन्या कृष्णवर्णीय निवेदकांच्या आठवणी रेकॉर्ड करते. विल्बर आणि रे आता नाहीत. टेप स्टेशननेच पुसून पुन्हा वापरल्या. म्हणून शनिवारी आम्ही तिघं जुने श्रोते शोधत फिरतो. गाडी मी चालवतो. निदान एक आठवण खास आपली निघावी, एवढीच लेस्टर यांची इच्छा आहे.

ती अजून निघालेली नाही. एका चर्चमध्ये एका गृहस्थांनी अंकल सनराइजचं कोंबड्यासारखं आरवणं हुबेहूब करून दाखवलं. लेस्टर दुखावले.

"मी कधीही आरवलो नाही. रे आरवायचा. तेही वाईट."

"मिस्टर लेस्टर, थोडं क्रेडिट घ्या ना," मीरा म्हणाली.

"मेलेल्या माणसाच्या खिशातून?"

गेल्या शनिवारी वृद्धाश्रमात मिस ऑडी भेटल्या. नव्वदीच्या, दिसतं बेताचंच. त्यांनी लेस्टर यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"माझी आई गेल्याची बातमी तुम्ही वाचली होती. पेपरवाले 'मिसेस' लावायचे ते फक्त गोऱ्या बायकांना. आईचं नुसतं नाव छापलं. तुम्ही मात्र रेडिओवर 'मिसेस' म्हणालात. सगळ्या गावाने ऐकलं. तुम्हाला थँक यू म्हणायचं राहूनच गेलं होतं."

मी लेस्टरकडे पाहिलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"माय प्लेझर, मॅम," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर मीरा उत्साहात होती. "फायनली! ही तर तुमचीच ना?"

"करेक्शन. विल्बरची. मी तेव्हा शाळेत होतो."

मीराने लॅपटॉप उघडला आणि विल्बरचं नाव टाइप करू लागली.

"जरा थांब," लेस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मिस ऑडींचं ते थँक यू एकदा परत ऐकव. मग लिही."