विद्वांसांचा शेवटचा रकाना

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले विद्वांस कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंतीवर बोटं वाजवतात आणि विचारतात, "लाट आली तर पाण्याला वाट कुठून?" कोथरूडमध्ये. तिसऱ्या मजल्यावर.

मीही खूप थट्टा केली. पण माणूस खरा इंजिनिअर. निवृत्तीनंतर पदरमोड करून कोकण किनाऱ्यावर फिरतो आणि त्सुनामी आली तर कुठलं घर तग धरेल याचा तक्ता भरतो. मजले किती, भिंत कसली, समोर झाडं आहेत का. तळमजला मोकळा असेल तर गुण जास्त, कारण पाणी खालून निघून जातं.

म्हणूनच सोसायटीने पार्किंगला भिंती घालून हॉल काढायचं ठरवलं, तेव्हा हे एकटे उभे राहिले.

"अहो विद्वांस, समुद्र घाटाखाली आहे," चेअरमन म्हणाले.

"भूगोल तुमच्याकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही. माझा विरोध लिहून घ्या."

घ्यावा लागला. हॉल झाला. तिथल्या एकाही समारंभाला हे गेले नाहीत. पेढे मात्र घरपोच मागवतात.

सगळ्यात कमी गुण त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घराला. अक्का ऐंशीच्या, गुडघे गेलेले, वाळूला लागून एकट्या राहतात. हे दरवर्षी जाऊन घर नापास करतात आणि "पुण्याला चल" म्हणतात.

"नापास तर नापास. मी इथून हलायची नाही," अक्का म्हणतात.

हेही हट्टाला पेटले. घरामागच्या टेकडीवर चढायला बुटक्या पायऱ्या बांधून दिल्या. अक्का त्यांवर आमसुलं वाळत घालतात. मग यांनी तक्त्यात स्वतःचा एक रकाना वाढवला: 'म्हाताऱ्या माणसाला टेकडीवर न्यायला कोणी आहे का?' अक्कांच्या तक्त्यात तिथे दरवर्षी 'नाही'. तो मला दाखवून आठवडाभर जिन्यात सगळ्यांवर खेकसायचे. ती भीती होती, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या रविवारी त्यांनी माझ्या हातात फ्लॅटची किल्ली ठेवली.

"कुंड्यांना पाणी घाला. अक्काकडे चाललोय."

"किती दिवस?"

उत्तराऐवजी यंदाचा तक्ता पुढे आला.

"घर पुन्हा नापासच की!" मी म्हटलं.

"मग? बहिणीचं म्हणून गुण वाढवू?"

बॅग उचलून ते तरातरा जिना उतरले. मला रडू आलं. शेवटच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'आहे' लिहिलं होतं आणि खाली सही केली होती.