मावशींनी सोडवलेल्या गाठी

बालवर्गाच्या बाईंनी सकाळी दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. खिडकीजवळच्या काठीला कालपर्यंत लोकरीचे बावीस दोरे लटकत होते. आज काठी रिकामी होती आणि टेबलावर बावीस सुबक गुंडाळ्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"काल निघायला उशीरच झाला बाई," वर्ग झाडणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या. "पोरांनी काय गुंता करून ठेवला होता. पण एकूण एक गाठ सोडवली. दोन नखं गेली त्यात."

आता शाबासकी मिळणार म्हणून मावशी झाडू टेकवून उभ्या राहिल्या. बाईंना रागवायचं होतं, पण ते काही जमेना.

तो गुंता नव्हता, गणित होतं. इंका लोक पूर्वी दोऱ्याला गाठी मारून मोजणी ठेवायचे, हे बाईंनी मुलांना सांगितलं होतं. वरची जाड गाठ म्हणजे दहा, खालची बारीक म्हणजे एक. मग प्रत्येकाने घरातली एकेक गोष्ट मोजून आपला दोरा बांधला. कुणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, कुणी आजोबांच्या औषधाच्या बाटल्या. तीन आठवडे गेले त्यात. मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. "शुक्रवारी तपासणीचे साहेब येतायत. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून दोरे गुंडाळा आणि पाढे सुरू करा," असं त्यांनी बजावलं होतं.

आज शुक्रवार होता, आणि दोरे तर मावशींनी आधीच गुंडाळले होते.

मुलं आल्यावर बाईंनी घाईघाईने दोरे वाटले. "आठवून बांधा बघू पुन्हा." पण आठवणार कुणाला? चष्मेवालीने तेरा गाठी मारल्या, कारण तिला तेरा आवडायचे. एकाने स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. दोघींच्या वेण्या एकाच दोऱ्यात अडकल्या आणि मावशी कात्री घेऊन धावल्या. नेमके त्याच वेळी मोठ्या बाई साहेबांना घेऊन आत आल्या.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या टिल्लूचा निळा दोरा उचलला. "हे किती?"

"माहीत नाही," टिल्लू म्हणाला. "मावशींनी सोडवला."

मोठ्या बाईंनी बाईंकडे असं पाहिलं, की बाईंना पाढे ऐकू येऊ लागले.

"निळा ना?" वेण्यांमधून मान वर करून मावशी म्हणाल्या. "त्याला वर एक जाड होती, खाली सात. सातवी फार चिवट."

टिल्लूने डोळे मिटले, बोटांवर मोजलं. "सतरा. आमच्या पायऱ्या."

"आणि हिरवा?" साहेबांनी विचारलं.

"वर दोन जाड. खाली काही नाही."

"वीस," अख्खा वर्ग म्हणाला.

असे बावीसही दोरे झाले. मावशी सांगत होत्या, मुलं जुळवत होती. मावशींनी शाळेत कधी पाटी धरली नव्हती, पण त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं. तीन आठवडे ज्यासाठी बाई धडपडत होत्या, ते मावशींच्या मोडक्या नखांत उतरलं होतं.

साहेबांनी वहीत शेरा लिहिला. 'पद्धत उत्तम. गाठी आधी सोडवून ठेवण्याची युक्ती विशेष आवडली. रोज करावी.' मोठ्या बाईंनी तो दोनदा वाचून दाखवला. युक्ती त्यांचीच असावी, असा सूर होता.

"रोज?" मावशी आपल्या नखांकडे बघत म्हणाल्या.

"सोडवायचं मी बघते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मावशींच्या हाती एक पांढरा दोरा दिला. "तुम्ही बांधा. काहीही मोजा."

मावशी अवघडत टिल्लूशेजारच्या छोट्या बाकावर टेकल्या. बराच वेळ विचार करून त्यांनी वर एक जाड गाठ मारली आणि खाली चार बारीक.

"चौदा," टिल्लूने वाचलं. "कसले?"

"हा वर्ग झाडतेय ती वर्षं," मावशी म्हणाल्या. "बाकावर बसले ती आजच."

मग उठून त्यांनी तो दोरा स्वतः काठीला अडकवला आणि बाईंना बजावलं, "ह्याच्या मात्र गाठी कुणी सोडवायच्या नाहीत."